दारापुढची वस्ती

गावंडेभाऊंच्या दुकानाला दार नाही. अकोल्याच्या जुन्या शहरात सगळ्याच दुकानांना असतं तसं लोखंडी शटर आहे. ते सकाळी खडखडत वर जातं आणि दुपारी भाऊंच्या झोपेसाठी खाली येतं. तरीसुद्धा त्या दुकानात शिरायचं असेल तर आधी दार उघडावं लागतं.

गिऱ्हाईक पायरीवर पाय ठेवतं न ठेवतं तोच भाऊ गल्ल्यामागून हात वर करतात. "थांबा जरा. तुमच्यापुढं एक दार हाय. लाकडाचं हाय, जुनं हाय, कडी दिसून नाही राहिली. आता काय करता?"

नवखा माणूस आधी पायाखाली बघतो, मग वर पाटीकडे. पाटीवर लिहिलंय, 'शालेय पुस्तके, वह्या, नकाशे व परदेशी खेळांची पुस्तके'. तो आणखीच गोंधळतो. वह्या घ्यायला येणाऱ्या बाया मात्र भाऊंना ओळखून आहेत. त्या म्हणतात, "भाऊ, दार मंग उघडू, पह्यले दोनशे पानी द्या." त्यांना माफी असते. वही, पेन, कंपासपेटी यांच्यासाठी दार नाही. दार आहे ते मागच्या दोन काचेच्या कपाटांसाठी.

मी शेजारची. माझं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल आणि 'ताई, हाच रंग पण थोडा मळका' असली मागणी पुरी करण्यात माझा दिवस जातो. मूळची मी अमरावतीची, लग्न होऊन अकोल्याला आले, आणि स्वभावाने चौकस आहे हे आधीच सांगून टाकते. मॅचिंग सेंटरमधे बसणाऱ्या बाईला कोणाकडे लग्न आहे आणि कोणाचं मोडलंय हे बाकीच्या गावाच्या आधी कळतं. पण शेजारच्या त्या दोन कपाटांत काय आहे, हे कळायला मला बरीच वर्षं लागली.

त्यांत जर्मन पुस्तकं आहेत. फ्रेंच आहेत, इटालियन आहेत, जपानी आहेत. एक फिनलंडचं आहे, ते भाऊ कोणाला हात लावू देत नाहीत. सगळी जाडजूड, गुळगुळीत कागदाची, वर राक्षस, किल्ले आणि थंडीने काकडणारी माणसं. ही गोष्टीची पुस्तकं नव्हेत, खेळाची आहेत. खेळ असा की तीनचार माणसांनी टेबलाभोवती बसायचं. एक जण सूत्रधार. तो सांगतो, पुढे जंगल आहे, संध्याकाळ झाली आहे, झाडीत काहीतरी हललं. बाकीचे एकेक पात्र होतात आणि आपण काय करतो ते सांगतात. जमलं की फसलं, ते फासा ठरवतो. पट नाही, सोंगट्या नाहीत, शेवटी कोणी जिंकत नाही. सगळा खेळ तोंडाने. भाऊंच्या शब्दांत, "पारावरच्या गप्पाच हायेत ह्या. फक्त नियमानं."

आता अकोल्यात जर्मन पुस्तक घेणार कोण, असं मी एकदा विचारलं. भाऊंना माझ्या अज्ञानाची कीव आली. "ताई, इंग्रजीतलं तं कोनीबी फोनवर बोट दाबून मागवते. मायाकडं ते भेटते जे दुसरीकडं कुठीच भेटत नाही."

"आन् जे कोनाले वाचताबी येत नाही."

"म्हनूनच तं भेटत नाही," भाऊ म्हणाले. या व्यापारी तत्त्वावर त्यांचं दुकान कसं तरलं हे मला अजून कोडं आहे. तरलं ते बहुधा दोनशे पानी वह्यांवर.

पण गिऱ्हाईक येतं, हे खरं. एकदा अमरावतीहून इंजिनिअरिंगची तीन पोरं आली. माझ्या माहेरगावची म्हणून मी कौतुकाने बघत होते. भाऊंनी पायरीवरच हात वर केला. पहिला म्हणाला, लाथ घालतो. "पाय मुरगळला. बाहीर बसा." दुसऱ्याने कानाकोपरा शोधला, बिजागऱ्या काढतो म्हणाला. "दुपार झाली, निघून नाही राह्यल्या. तुमीबी बसा." तिसरा मुलगा लाजाळू होता. तो म्हणाला, "मी दार वाजवतो. आत कोणी आहे का विचारतो."

भाऊ गल्ल्यावरून उठले. त्याला आत नेलं, खुर्ची दिली, स्वतःच्या माठातलं पाणी दिलं. दोन तास कपाटं उघडी होती. त्याने एक इटालियन पुस्तक घेतलं. निघताना भाऊ त्याला म्हणाले, "खेळला का येजा. काय झालं ते मले सांगजा." बाकीचे दोघे तोवर माझ्या दुकानात बसून कूलरची हवा खात होते.

भाऊंचा या धंद्यात प्रवेश चुकून झाला. मुंबईचा एक व्यापारी परदेशातली उरलेली पुस्तकं वजनावर विकायचा. शाळांना नकाशांची पुस्तकं द्यावीत म्हणून भाऊंनी त्याच्याकडून एक पोतं मागवलं. त्यात निघालं एक जर्मन पुस्तक. मुखपृष्ठावर एक म्हातारा कंदील धरून भुयारात उतरतोय. हे काय आहे ते भाऊंना कळेना, आणि जे कळत नाही ते भाऊंना सोडवत नाही.

मग भाऊ स्वतःच बाहेरून मागवू लागले, आणि खरी गंमत सुरू झाली. ही वस्तू पुस्तक की खेळणं? पुस्तक म्हटलं तर कर वेगळा, खेळणं म्हटलं तर वेगळा, आणि वर खेळण्याला सरकारी शिक्के लागतात. डब्यात फासे असले तर आणखी शंका. एकदा कस्टमच्या कुठल्याशा कचेरीतून फोन आला. भाऊंनी तो भर दुपारी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात घेतला. पलीकडच्या साहेबांचं म्हणणं असं की पुस्तकात भुतं आहेत, डब्यात फासे आहेत, तर हा धर्म आहे की जुगार?

"जुआ नहीं है साहब," भाऊ म्हणाले. "आप ऐसा समझो, आपके सामने एक दरवाजा है. लकडी का है. अब क्या करते?"

मग भाऊंचा चेहरा उजळला. फोनवर हात ठेवून ते मला म्हणाले, "इचारून राह्यले, कुलूप हाय का म्हने."

पार्सल सुटलं. तेव्हापासून भाऊ डब्याच्या भानगडीत पडत नाहीत, फक्त पुस्तकं मागवतात. फासे इथेच करून घेतात. सुताराला त्यांनी वीस बाजूंचा फासा सागवानात करायला सांगितलं. त्या बिचाऱ्याने जन्मात सहाच्या वर बाजू असलेलं काही केलेलं नव्हतं. त्याने केलेला फासा एका अंगाने जड झाला आणि त्यावर सात फार पडतात. भाऊंना त्याचं काही नाही. "आपल्या इकडं सातच पडतात," म्हणतात.

आता दुसऱ्या माणसाची ओळख करून देते, कारण त्याच्याशिवाय भाऊ अर्धेच आहेत. सुखदेव तायडे. एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाले. ते आणि गावंडेभाऊ दोघेही हिवरखेडचे, शाळेत एका बाकावरचे. भाऊ अकोल्यात आले, तायडेभाऊ गावीच राहिले. बायको गेल्यापासून एकटे असतात. दर रविवारी सकाळच्या एसटीने अकोल्याला येतात, संध्याकाळच्या गाडीने परत जातात. गाडीत बसले की आपलं तिकीट आधी काढून घेतात आणि मग नव्या कंडक्टरचं काय चुकतंय ते बघत बसतात.

ते जर्मन पुस्तक या दोघांनी मिळून वाचलं. फोनचा कॅमेरा पानावर धरला की त्यावर मराठी उमटतं, तसं. पण कसं वाचलं ते ऐका. गावंडेभाऊंच्या घरी श्रावणात पोथी लागते. तायडेभाऊंच्या घरी वर्षावासात ग्रंथ वाचतात. ग्रंथ म्हणजे पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, काही न गाळता, ओळीने वाचायचा असतो, एवढं दोघांनाही लहानपणापासून पक्कं ठाऊक. खेळाचा ग्रंथ वेगळा असतो, त्यात हवा तो नियम हवा तेव्हा बघायचा असतो, हे त्यांना सांगणार कोण? त्यांना वाटलं, ग्रंथ पुरा झाला की खेळ सुरू होईल.

दर रविवारी एक अध्याय. छापखान्याचा पत्ता वाचला. आभार वाचले. शस्त्रांची किंमत मोठ्याने वाचली. मी अस्तर कापता कापता ऐकायची. "तुम्ही मृत आहात, कृपया पुढील पानावर जा," असं तायडेभाऊ इतक्या गंभीर आवाजात वाचत की माझ्या दुकानातली गिऱ्हाइकं हात थांबवत. शेवटची शब्दसूचीसुद्धा त्यांनी सोडली नाही. समाप्तीला भाऊंनी घरून खीर आणली आणि गल्लीत वाटली. खिरीची वाटी हातात घेऊन मी विचारलं, "मंग, काय लिवलं हाय त्या पुस्तकात?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "शेवटी लिवलं हाय," तायडेभाऊ म्हणाले, "का आता खेयाले सुरुवात करा. पन कमीत कमी तीन मानसं पायजेत."

अशी मी त्यात ओढली गेले. रविवारी माझं दुकान अर्धा दिवस असतं, आमचे हे जेवून झोपतात, आणि वाटी माझ्या हातात होती. मला त्यांनी चोर केलं. नाव कमळी. कुलपं उघडणं आणि पाऊल न वाजवता चालणं हे माझं काम. तायडेभाऊ झाले जादूगार. पुस्तकात जादूगारांना लांबलचक जर्मन नावं होती, त्यांनी स्वतःचं नाव ठेवलं साहेबराव. हा साहेबराव जगातला पहिला जादूगार असेल जो मंत्र टाकण्याआधी सगळ्यांना सरकून बसायला सांगतो.

भाऊंच्या दुकानातल्या टेबलाशी मी संशयानेच बसले होते. पण भाऊ बोलायला लागले आणि मी कूलरचा आवाज विसरले. एरवी वहीची किंमत पुटपुटत सांगणारा हा माणूस. त्याने बर्फ सांगितला तेव्हा मे महिन्यात माझे हात गार पडले. किल्ल्याच्या पायऱ्या उतरताना ते इतके हळू बोलत की आम्ही दोघं पुढे वाकायचो. दर थोड्या वेळाने त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मंग, आता काय करता?" आणि असं वाटायचं की आपल्याला हे आजवर कोणी विचारलंच नाही. दुकानात मला दिवसभर लोक काय हवं ते सांगतात. मी काय करणार हे विचारणारे गावंडेभाऊ पहिलेच.

असं उतरत उतरत आम्ही किल्ल्याच्या तळघरात पोचलो. तिथे एक लोखंडी दार. मागून कसला तरी आवाज येतोय, हळू, थांबून थांबून, श्वासासारखा. कमळीने कुलपाला हात घातला. भाऊंनी पान उलटलं, आणि तिथे लिहिलं होतं की यापुढचा भाग दुसऱ्या पुस्तकात. ही ओळही दोघांनी तेव्हा मोठ्याने वाचली होती, पण तिचा अर्थ आता लागला.

ते दुसरं पुस्तक मिळेना. जर्मनीत छापायचं बंद झालं होतं. भाऊंनी कुठे कुठे लिहिलं, कोणाकडेच नाही. दुसरा सूत्रधार असता तर त्याने मनाने काहीतरी रचलं असतं. पण पोथीत नाही ते आपल्या पदरचं घालायचं, हे भाऊंना महापाप वाटतं. "मागं काय हाय ते लिवनाऱ्याले मालूम. म्या कोन सांगनारा?"

पण रविवार काही थांबत नव्हता. तायडेभाऊ एसटीने येतच होते. मग आम्ही दारापुढेच खेळायला लागलो. पहिल्या रविवारी तायडेभाऊंनी भाऊंना नावाने हाक मारून काळजीने विचारलं, "आपन जेवलो काय रे, पल्हाद? लय येळ झाला उभं राहून." भाऊंनी पुस्तक पाहिलं. जेवायला मनाई नव्हती. कमळीने चूल मांडली, भाकरी केल्या, वांग्याचं भरीत केलं. पुढच्या रविवारी पाण्याची सोय झाली. मग एक राक्षस अंगावर धावून आला. लढायचं सोडून साहेबरावाने त्याला विचारलं, कुठून आला, कुठे उतरायचं. तो राक्षस आता आमच्याकडे सामान उतरवायला असतो. चहाची टपरी झाली. साहेबरावाने एक थांबा काढला आणि गाड्यांच्या वेळा कोळशाने भिंतीवर लिहिल्या. त्या तळघरात गाडी कुठून येणार, हे मी विचारलं नाही. दीड वर्षात त्या दारापुढे चांगली वस्ती वसली. मात्र मी दर रविवारी एकदा तरी कुलपाला हात लावून बघायची, आणि आवाज तसाच यायचा.

तायडेभाऊंचा मुलगा संदीप पुण्याला असतो. चांगला मुलगा आहे, सूनही चांगली आहे. बाबांनी आता एकट्याने गावात राहू नये, पुण्याला यावं, असं त्याचं मागणं. तायडेभाऊ दर वेळी काही ना काही कारण सांगत. एकदा घराची कौलं झाली, एकदा मोतीबिंदू झाला. कारणं संपली तेव्हा ते फोनवर म्हणाले, "खेळ अर्धा हाय ना बाप्पा. दार उघडलं का येतो. तुले शब्द देतो."

त्यांना वाटलं, मुलगा हसेल आणि विसरेल. पण संदीप कॉम्प्युटरवाला. त्याने रात्रंदिवस शोधून ते दुसरं पुस्तक काढलं. पोलंडमधे एका माणसाकडे एकच प्रत होती, आणि तीही पोलिश भाषेतली. त्याने भाऊंना आनंदाने फोन केला, "काका, मिळालं. पत्ता पाठवतो, मागवा." नाही म्हणायला भाऊंकडे काही उरलं नाही. त्यांनी मागवलं.

ते पार्सल माझ्या हातात आलं. दुपारची वेळ, भाऊंचं शटर खाली, पोस्टमन सवयीने ते माझ्या गल्ल्यावर ठेवून गेला. मी ते वजनावरून ओळखलं. वरचा कागद कोपऱ्यात फाटला होता आणि आत काळ्या कव्हरावर लोखंडी कडी दिसत होती. तेच दार. मी बोट आत घालून कागद किंचित सरकवला, हे कबूल करते. मग अस्तराचं कापड घेऊन पार्सल झाकून ठेवलं, म्हणजे दिसायला नको. भाऊ उठल्यावर त्यांच्या हातात दिलं. मला वाटलं होतं, ते नाचतील. त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, बरं म्हणाले आणि आत गेले.

रविवारी तायडेभाऊंनी विचारलं, "आलं काय रे?"

"कस्टममधी अडकलं हाय," भाऊ म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते फासा पुसत होते. पुढच्या रविवारी परत तेच, आणि त्याच्या पुढच्याही. आता ते फाशाकडे न बघता म्हणायला लागले होते. संदीपचेही फोन येत होते. मला आधी राग आला. दीड वर्ष मी त्या कुलपाला हात घासतेय, आणि किल्ली हा माणूस खिशात घालून बसलाय.

एका दुपारी शटर अर्धं खाली आलं असताना मी वाकून आत शिरले. भाऊंनी हात वर केला नाही. दार वगैरे काही विचारलं नाही.

"भाऊ, पार्सल म्या दिलं तुमाले. माया हातानं."

ते उठले, भिंतीशी उभ्या केलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या बाजूला केल्या आणि मागून ते पार्सल काढलं. कोपरा फाटलेला होता तेवढाच होता.

"उघडूनबी नाही पाह्यलं?" मला नवल वाटलं. "तुमी?"

"उघडलं का सुखदेव गेला."

मग खुर्चीवर बसून ते म्हणाले, "घरी मानसं हायेत ताई. भाऊ हाय, भावजय हाय, पोरं हायेत. चांगली हायेत सारी. पन म्या म्हटलं ना, का पुढं दार हाय, तं सारे म्हनतात, पह्यले जेवून घ्या." ते हसले. "आमी चौथीत होतो. गाभुळ्या चिंचा खात शाळेमागं बसलो होतो. म्या सुखदेवले म्हटलं, समज, आपल्यापुढं एक दार हाय. त्यानं इचारलं, कोन्या लाकडाचं? तवापासून तसं इचारनारं मानूस मले दुसरं भेटलं नाही."

माझा राग कुठल्या कुठे गेला. पण तिकडे पुण्यात एक मुलगा बापाची वाट बघत होता आणि इकडे एक म्हातारा दर रविवारी खोटं ऐकून परत जात होता. हेही मला गिळवेना. मला शब्द सापडेनात, म्हणून मी त्यांचेच वापरले.

"भाऊ, दार तुमच्यापुढं हाय. आता काय करता?"

सगळ्या अकोल्याला हे विचारणारे भाऊ पार्सलचा फाटका कोपरा बोटाने दाबत राहिले. मी वाकून बाहेर आले.

रविवारी तायडेभाऊ आले. पिशवीतून हरभऱ्याच्या घुगऱ्यांचा डबा काढला, चश्मा पुसला, बसले. "आलं काय रे?" विचारलंही नव्हतं, तोच भाऊंनी पार्सल टेबलावर ठेवलं.

तायडेभाऊंनी आधी पुस्तक बघितलं नाही. कंडक्टरची नजर, ती कागदावरच्या शिक्क्यातल्या तारखेवर गेली. "हे तं कवाचंच येऊन पडलं हाय."

"हो."

"कस्टममधी होतं?"

"नाही. नकाशाइच्या मांगं होतं."

बाहेर कोणीतरी वहीसाठी हाका मारत होतं, भाऊ उठले नाहीत. तायडेभाऊंनी पार्सलचा कागद सावकाश सोडवला, घडी घातली, खिशात ठेवला. मग पुस्तक जवळ घेऊन कव्हरावरून हात फिरवला. कडीवर बोट टेकवलं. मी माझे हात मांडीखाली दाबून बसले होते.

"कोनती भाषा म्हने ही?"

"पोलिश," भाऊ म्हणाले.

तायडेभाऊंनी मधेच एक पान उघडलं. ओळीच्या ओळी. अक्षरं इंग्रजीसारखीच, पण कोणाला खाली शेपूट, कोणावर ठिपका, कोणाच्या पोटातून आडवी रेघ. त्यांनी ते पान बराच वेळ पाहिलं.

"तुले येते?"

"नाही."

"ताई, तुमाले?"

"मले कुठून येइन?"

"मले बी नाही येत," तायडेभाऊ म्हणाले. पुस्तक त्यांनी मिटलं आणि सरळ करून टेबलाच्या मधोमध ठेवलं. "मंग तं पह्यले शिका लागन."

भाऊंनी मान वर केली.

"लागन," ते म्हणाले.

"लय दिवस लागतीन काय रे?"

"लय लागतीन. अवघड भाषा हाय म्हनतात."

तायडेभाऊंचा फोन टेबलावर थरथरला. संदीप होता. त्यांनी घेतला. "हो बाप्पा, आलं. आज आलं. खूश हाय न, काहून नाही राहीन. पन ते पोलिश हाय ना. शिकून राहिलो आता आमी." पलीकडून संदीप काहीतरी भराभर सांगत होता. काय सांगत असेल ते तिघांनाही ठाऊक होतं. तायडेभाऊंनी शांतपणे ऐकून घेतलं. "हो, हो. कॅमेऱ्यानं होते ते. पन मायाच्यानं तसं दिसत नाही ना नीट. डोये आता पह्यल्यासारखे नाही राह्यले. तूच ये ना दोन दिवस सुट्टी काढून. तुलेबी बसवतो खेयाले." आणि फोन पिशवीत, घुगऱ्यांच्या डब्याखाली ठेवून दिला.

डोळ्यांचं म्हणाल तर मोतीबिंदू निघाल्यापासून त्यांना समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं.

"पह्यल्या पानापासून घे," ते भाऊंना म्हणाले. "छापखान्याचा पत्ताबी सोडू नको."

भाऊंनी पहिलं पान उघडलं आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. एकेक अक्षर तोंडात घोळवायला लागले. तायडेभाऊ त्यांच्यामागे म्हणत होते, शाळेत पाढे म्हणतात तसे, आणि एक जण चुकला की दुसरा त्याला थांबवत होता. घुगऱ्यांचा डबा माझ्याकडे सरकला. माझा फोन माझ्या पर्समधे होता, चार्ज केलेला. तो पानावर धरला असता तर दारामागे कोण श्वास घेतंय ते मला तेव्हाच कळलं असतं, आणि कळायची इच्छा तर मला अशी होती की पर्सची चेन हातात येत होती. मी पर्स उचलली आणि खुर्चीखाली पायाशी ठेवली.

आम्ही अजून पहिल्याच अध्यायात आहोत.